आठ जण आणि एक शिवप्रसाद

बाई, शोकसभेच्या दिवशी तुमच्या क्लासात कोणीतरी कॉम्प्युटरला हार घातला होता. झेंडूचा, चांगला जाड. एक तुमच्या फोटोला आणि एक कॉम्प्युटरला. मी तो दुसरा काढून खिडकीबाहेर टाकला. तुमच्याच गळ्यातला ओढला असं तोंड करून लोक माझ्याकडे बघत राहिले. बघू देत. खंडेनवमीला सगळं बोईसर मशीनला हळदकुंकू लावत असायचं तेव्हा तुम्ही आम्हाला टाचण्या वाटायच्या, टाइपरायटरच्या अक्षरांत साचलेली शाई कोरून काढायला. ‘पूजा म्हणजे साफसफाई. फूल ठेवलंत की पाकळी आत जाते आणि कळ अडकते.’ तुमच्याकडे शिकून गेलेल्या एवढ्या मुली तिथे बसल्या होत्या, एकीलाही आठवू नये?

शोकसभेत सगळे बोलले. शांत, मायाळू, सोशिक. सोशिक कोण, तुम्ही? एक अक्षर चुकलं म्हणून आख्खं पान फाडायला लावणाऱ्या तुम्ही? मला बोलायला बोलावलं नाही, ते बरंच झालं. म्हणून लिहिते आहे. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, पश्चात कोण, हे दुसऱ्या कोणीतरी लिहिलंय. मला फक्त एका खेळाबद्दल आणि आपल्या भांडणाबद्दल लिहायचंय. ते भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात आणि मला ते मान्य नाही.

मी तुमच्याकडे आले ती नोकरीसाठी टाइपिंग शिकायला नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत. बेटेगावची पोरगी, खांद्याला झोळी, झोळीत पत्रकं. युनियनची पत्रकं सायक्लोस्टाइलवर काढायची तर स्टेन्सिल, म्हणजे मेणकागद, टाइप करावी लागते, आणि आमच्यात ते कोणालाच येत नव्हतं. माझी पहिली स्टेन्सिल उजेडासमोर धरून तुम्ही म्हणालात, ‘किती जोरात मारतेस गो? सगळ्या ठ ला भोकं पडलीत. कारखानदारावरचा राग त्या बिचाऱ्या ठ वर कशाला?’ मग लाल पेन्सिल घेऊन माझी उद्गारचिन्हं मोजलीत. एका पानात सतरा. सोळा खोडलीत. मी चिडून विचारलं, एक का ठेवलं? ‘ते कुठलं ठेवायचं ते तू ठरव. तेवढं वाक्य खरं असू दे.’

त्या दिवसापासून आपण भांडतोय.

मग तो खेळ आला. नवापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला डब्यांची झाकणं पाडणारा तो कारखाना. प्रेस-मशीनपुढे बसून पत्र्याची पट्टी हाताने डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायची, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून पंच येतो, झाकण पडतं. हात निघायच्या आधी पाय गेला तर झाकणाबरोबर बोट पडतं. बोईसरमध्ये हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एसटीत वरच्या दांडीला धरलेले हात बघावेत.

तर त्या कारखान्यात एक नवे साहेब आले आणि त्यांच्यामागून एक कॉम्प्युटर आला. साहेबांचं म्हणणं, प्रेसवर बसणाऱ्याच्या डोळ्याचा आणि हाताचा मेळ किती आहे हे शास्त्रीय पद्धतीने मोजायला हवं. मोजायला काय, तर खेळ. पडद्यावर वरून चेंडू पडतो, खाली एक पट्टी आहे, चेंडू पट्टीला टेकेल त्याच क्षणी लांब कळ दाबायची. आधी दाबली तरी चूक, उशिरा दाबली तरी चूक. वीस चेंडू झाले की मशीन गुण देणार, आणि गुणांवरून साहेब ठरवणार: उत्तम, मध्यम, मंद.

मंद निघाले नऊ. नऊच्या नऊ जुने, प्रेसवर दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं काढलेले. उत्तम निघाली गेल्याच महिन्यात कंत्राटावर आलेली माणसं, जी अजून पत्रा उलटा धरत होती. नऊ जणांना प्रेसवरून उठवून गोदामात खोकी उचलायला लावलं आणि कागद हातात दिला: अजून दोन चाचण्या होतील, तिसऱ्यांदाही मंद निघालात तर घरी.

मी धावत तुमच्याकडे आले, स्टेन्सिल घेऊन. मथळा तयार होता. तुम्ही स्टेन्सिल मशीनला लावूच दिली नाहीत.

‘कुठला खेळ?’

‘चेंडूचा. पोरांचा खेळ आहे हो बाई, आणि त्यावर माणसाची भाकरी.’

‘तो तर आपल्याकडे आहे. पोरी जेवणाच्या सुट्टीत खेळतात. तू खेळून बघितलास?’

‘मी कशाला खेळू?’

‘मग शिव्या कशाला देतेस? बघ आणि मग दे.’

तुमचं हे बघणं. तुम्ही घिवलीच्या. अणुवीजकेंद्राच्या कुंपणापलीकडे तुमची वाडी. तरुणपणी किनाऱ्यावर यंत्रं घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसापुढे जाऊन तुम्ही उभ्या राहायच्या म्हणे: काय मोजता? कोणी सांगायचं, कोणी हसायचं. ‘हसणाऱ्याला स्वतःलाच ठाऊक नसतं,’ असं तुम्ही मला सांगितलं होतंत. साहेबांना विचारायचा प्रश्न हाच होता, आणि मी तो विचारायच्या आधी उत्तर देऊन मोकळी झाले होते.

तुम्ही आधी क्लासातल्या मुलींवर खेळ लावलात. प्रत्येकीला तीनदा, तेही वेगवेगळ्या दिवशी. पहिली खेळी धरायची नाही, हात बसायला एक लागते, हा टाइपिंगच्या परीक्षेचा तुमचा नियम. मंगल, तुमची सगळ्यात वेगवान मुलगी, मंगळवारी पहिली आली आणि गुरुवारी शेवटून दुसरी. मी टाळी वाजवली. बघा, खेळ खोटा. तुम्ही टाळीकडे लक्षही दिलं नाहीत. खाली वाकून कॉम्प्युटरच्या पुढच्या अंगावरची बटणं बघत बसलात. तिथे एक टर्बो म्हणून बटण होतं. ते दाबलेलं असलं की चेंडू भराभर पडायचा, वर असलं की सावकाश. झाडू मारताना कोणाचा तरी हात लागला होता. माणूस तोच, खेळ तोच, एका बटणाने उत्तमचा मंद होत होता.

‘आता तरी लिहू?’ मी म्हटलं.

‘बटण खोटं निघालंय. खेळ अजून नाही.’

आणि बटणावर चिकटपट्टी लावून टाकलीत.

मग तीन सुट्ट्यांना ते नऊ जण आले. टाइपिंगच्या मुलींच्या बाकांवर गुडघे वर काढून बसले. लाजत होते. रामजीदादा सगळ्यांत जुना, डोंगरातल्या पाड्यावरचा. सोळा वर्षं प्रेसवर आणि दहाही बोटं जागेवर. भातलावणीला आठ दिवस गावी जातो तेवढाच काय तो खाडा. त्याच्या शेजारी शिवप्रसाद, उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा, सगळ्यांत बोलका. ‘मैडम, फेल हो गए तो क्लास में भर्ती कर लेना,’ असं तुम्हाला म्हणाला, आणि तुम्ही म्हणालात, ‘पहले दाढ़ी बनाके आना.’

मी तुमच्या वहीत आकडे लिहीत होते. आकडे वाईट होते बाई. चिकटपट्टी लावलेल्या बटणावर, तीन वेगळ्या दिवशी, रामजीदादा दर वेळी उशिरा. आणि उशीर थोडाबहुत नाही, जवळजवळ मोजून तेवढाच. शिवप्रसाद सोडला तर बाकी सात जणांचंही तसंच. मी घाबरले. खेळ खोटा असता तर आकडे उड्या मारायला हवे होते. ते हलत नव्हते.

तुम्ही पडद्याकडे बघतच नव्हता. टाइपिंगची बाई कागद बघत नाही, बोटं बघते. तुम्ही रामजीदादाचे हात बघत होता.

‘दादा, चेंडू टेकल्यावर हात मागे का नेता?’

‘कोन, मी?’

‘तुम्हीच. थोडासा, छातीकडे. आणि मग कळ दाबता.’

रामजीदादाने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग हसला. ‘बाई, आमचं असंच हाय. पत्रा बसला का हात छातीला. छातीला लागला का मंग पाय. उस्तादानं पयल्या दिवशी शिकवलं, दोन म्हयने दुसरं काय करूच नाय दिलं. हात छातीला लागल्याबिगर पाय हलला का कानाखाली.’

‘पण इथे पत्रा नाही. इथे चेंडू आहे.’

‘ते मला ठावं. हाताला काय ठावं?’

तुम्ही उठलात, कॉम्प्युटरचा कळफलक उचललात आणि खाली जमिनीवर, वर्तमानपत्र पसरून ठेवलात. ‘दोन्ही हात छातीला लावून ठेवा. आणि कळ पायाने दाबा.’

रामजीदादाने चप्पल काढली, पाय पुसला, आणि मागे घेतला. ‘नाय बाई. विद्येला पाय?’

‘विद्या वर पडद्यात आहे. खाली नुसती कळ आहे.’

‘तरी पन.’

मग तुम्हीच आधी पाय ठेवलात. पातळ घोट्याच्या वर धरून, अंगठ्याने, वीसच्या वीस चेंडू. मुली तोंडात पदर घालून हसत होत्या. मंगलने तुमचं झाल्यावर कळफलकाला हात लावून नमस्कार केला, तुमच्या वतीने. तेव्हा कुठे रामजीदादा बसला. हात छातीवर, जसे कोणाला नमस्कार करायला निघाले आहेत असे. चेंडू पडला, टेकला, पाय दाबला गेला. बरोबर पट्टीवर. पुढचा. बरोबर. विसातले अठरा. सोळा वर्षं डोळा आणि पाय एकत्र चालणारा माणूस होता तो, आणि साहेबांनी त्याला हाताने तपासला होता. जो क्षणभराचा उशीर मशीन मंद म्हणून मोजत होतं, त्याच क्षणात त्याची दहा बोटं वाचलेली होती.

बाकीचे सात जणही पायाने पट्टीवर आले. क्लासात अशी काही गंमत चालली होती की खालचा चहावाला वर बघायला आला.

आणि मग शिवप्रसाद बसला.

त्याचे आकडे हाताने विस्कटलेले, पायानेही विस्कटलेले. एक लवकर, एक उशिरा, एक चेंडू पडून गेला तरी वाट बघतोय. तो विनोद करत राहिला, तुम्ही त्याला तीनदा बसवलंत, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंत. तेच. तो गेल्यावर तुम्ही मला दारात थांबवलंत.

‘याचे डोळे तपासून घे. पालघरच्या दवाखान्यात ने.’

‘नंतर नेईन. आधी बैठक आहे.’

‘नंतर नाही. पत्रकात लिही: आठ जणांचा हात बरोबर आहे, मशीनने चुकीची गोष्ट मोजली. नवव्याचे डोळे कंपनीने तपासावेत आणि तोवर त्याला पगारी हलकं काम द्यावं.’

‘बाई, नऊ म्हणजे नऊ. आम्ही एकाला सोडला की उद्या ते दुसरा मागतील. आज आम्हीच म्हणायचं की एक खरंच मंद आहे?’

‘मंद कोण म्हणतंय? दिसत नाय त्याला.’ तुमच्या तोंडात घिवलीची भाषा आली की मी समजायचे, आता माघार नाही. ‘तू जिंकशील नि तो परत प्रेसवर बसेल. मंग त्याची बोटं तुझ्या पत्रकावर लिहिशील काय गो?’

मी तुम्हाला म्हटलं की तुम्हाला संघटना कळत नाही. म्हटलं की तुम्ही कंपनीच्या साहेबासारख्या बोलता आहात. हे शब्द मी बोलले, तुमच्या दारात, जिना उतरता उतरता. तुम्ही ती आकड्यांची वही माझ्या झोळीत टाकलीत. ‘सगळी वाच,’ म्हणालात.

मी एक पान वाचलं. टर्बो बटणाचं. तेवढंच मला हवं होतं. पत्रक काढलं: खेळ खोटा आहे, आज एक सांगतो, उद्या दुसरं सांगतो, अशा खेळावर नऊ कामगारांची रोजी ठरवता येणार नाही. तीन उद्गारचिन्हं. टाइप मी दुसऱ्याच्या मशीनवर केलं, कारण तुम्ही खोडली असतीत.

पालघरला कामगार अधिकाऱ्यांपुढच्या त्या बैठकीला तुम्हाला यायचं होतं. मी घेतलं नाही. म्हटलं, शिष्टमंडळात फक्त कामगार आणि कार्यकर्ते. तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि तरीही आलात, बाहेर व्हरांड्यात बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलात.

आत काय झालं ते तुम्ही दारातून ऐकलंत. साहेबांनी कॉम्प्युटर जीपमधून आणला होता. माझं पत्रक वाचून दाखवलं आणि म्हणाले, आज एक उद्या दुसरं, ठीक आहे, बघूया. बटण सगळ्यांना दाखवलं, त्याला कोणी हात लावणार नाही असं सांगितलं. रामजीदादाला पाच वेळा बसवलं. पाचही वेळा तेवढाच उशीर. साहेब अधिकाऱ्यांना म्हणाले, ‘माप पक्कं आहे, साहेब. डळमळतंय ते यांचं पत्रक.’ रामजीदादा माझ्याकडे बघत होता. त्याला खरं कारण माहीत होतं, तो सांगायला तोंड उघडत होता, आणि मी त्याला हाताने गप्प केलं, कारण ते सांगितलं की सगळ्यांनाच पायाने बसवलं असतं आणि शिवप्रसादचं निघालं असतं. ती नऊही जणांची दुसरी चाचणी म्हणून धरली गेली. आता एकच राहिली.

बाहेर आल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, ‘सगळी वाचलीस?’ मी म्हटलं, तुम्हाला आता आनंद झाला असेल. आणि बोईसरच्या एसटीत मी पुढे बसले, तुम्ही मागे. तुम्ही उतरलात तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते, तुमच्या बाजूच्या खिडकीबाहेर नाही, दुसऱ्या.

नंतर तीन आठवडे मी क्लासात आले नाही. तुम्ही आजारी आहात हे मंगलने सांगितलं. मी म्हटलं, रविवारी जाते. रविवारी सभा लागली. पुढच्या रविवारच्या आत तुम्ही नव्हता.

रडण्याबद्दल मी लिहिणार नाही. तुम्हाला ते खोडावं लागलं असतं.

तेराव्याच्या आधी एक दिवस मी वही काढली आणि सगळी वाचली. हाताचे आकडे, पायाचे आकडे, कोण कुठल्या वेळी बसला, कोण दुसरी पाळी करून थेट आला होता, सगळं. रामजीदादाच्या नावापुढे तुमचं वाक्य: ‘खेळ दर वेळी तेच सांगतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा असं नाही. तो दर वेळी तीच चूक सांगतो.’ शिवप्रसादच्या नावापुढे: ‘डोळे. उशीर करू नये.’ आणि अगदी शेवटच्या पानावर, खाली, पेन्सिलीने: ‘उलटी चाचणी राहिली. खेळात जो उत्तम, त्याला बंद प्रेसवर बसवून बघणे. साहेब स्वतः तयार झाले तर बरं. माप घेणाऱ्याने आधी मापाखाली बसावं.’

पाच-सहा आठवडे ही ओळ माझ्या झोळीत होती. बैठकीच्या दिवशीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवप्रसादच्या खोलीवर गेले. तो नळावर कपडे धूत होता. मी विचारलं, तुला दिसत नाही हे तुला माहीत होतं?

‘मालूम था दीदी. डेढ़ साल से. पट्टी बैठती है तो डाय पे टक् की आवाज़ आती है, उसी पे चलाता था.’

‘बोलला का नाहीस?’

त्याने सदरा पिळला, झटकला. ‘आपने परचे में लिख दिया था, नौ के नौ. अब मैं अकेला बाकी आठ के सामने क्या मुँह लेके बोलता?’

बाई, त्याच आठवड्यात मी त्याला पालघरला घेऊन गेले.

पालघरच्या डॉक्टरांनी बघितलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त पिकलेला. ऑपरेशनने बरं होईल म्हणाले. तो दवाखान्यातून बाहेर येऊन म्हणाला, ‘मैडम को बोल देना, दाढ़ी बनाके आया था.’ त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की तुम्ही गेलात. मी सांगितलं. मग तो वाटभर हनुवटीवरून हात फिरवत राहिला.

आता तिसरी चाचणी. मी अधिकाऱ्यांकडे गेले, आधी, एकटी, आणि तुमची वही त्यांच्यापुढे पहिल्या पानापासून वाचली. आमचं पत्रक चुकलं होतं हे सांगितलं. शिवप्रसादचंही सांगितलं, त्याच्या संमतीने. माझ्यासोबतचे कार्यकर्ते आधीच भडकले होते: ताई, विरुद्ध बाजूला स्वतःहून कोणी चूक सांगतं का? अधिकारी शेवटच्या पानावर थांबले. ते दोनदा वाचलं. म्हणाले, तिसरी चाचणी कारखान्यातच घेऊ. माझ्यासमोर.

तुम्ही हव्या होतात. प्रेसचा मेन स्विच पाडला, फ्यूज काढून अधिकाऱ्यांच्या हातात दिला. मोठं चाक फिरून फिरून थांबेपर्यंत सगळे उभे राहिलो. साहेबांना खेळात आपल्या गुणांचा अभिमान होता, सगळ्यांत वर त्यांचंच नाव. त्यांना वाटलं, यात काय. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि बसले.

रामजीदादा शेजारी उभा. ‘सायेब, पत्रा ठेवायचा, पाय दाबायचा. खेळात दाबता तसंच. झटपट.’

साहेबांनी पट्टी ठेवली आणि पेडल दाबलं. झटपट, बरोबर पट्टी टेकली त्याच क्षणी. खट् असा नुसता पेडलचा आवाज झाला. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं अजून पत्र्यावर होती, पंचाच्या बरोबर खाली.

कंत्राटी माणसं, गोदामातून आलेले आठ जण, सगळे त्या बोटांकडे बघत होते. साहेबही बघत होते. ती उचलायचं त्यांना सुचत नव्हतं.

रामजीदादा हळूच म्हणाला, ‘सायेब, बोटं काढा.’

आठ जण सोमवारपासून प्रेसवर आहेत. शिवप्रसादचं ऑपरेशन होईपर्यंत गोदामात हलकं काम, पगार तोच, आणि नंतर त्याची चाचणी बंद प्रेसवर, हात छातीला लावून. हे अधिकाऱ्यांसमोर लिहून झालंय. सगळं जिंकलो असं म्हणणार नाही. नवीन माणूस घेताना कंपनी अजून तोच चेंडू पाडते. साहेबांनी त्या दिवसापासून खेळाचा विषय काढलेला नाही, पण कॉम्प्युटर जागेवर आहे आणि आता दुसऱ्या दोन कारखान्यांचे साहेब त्याची चौकशी करतायत.

नवं पत्रक मी तुमच्याच मशीनवर टाइप केलं. पहिल्या परिच्छेदात: मागच्या पत्रकात आम्ही लिहिलं की खेळ दर वेळी वेगळं सांगतो; ते चूक होतं. खाली नऊ नावं, आठ एकत्र आणि एक वेगळं, आणि वेगळं का ते. आमच्यातल्या काहींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. रामजीदादा म्हणाला, ‘टाकूं दे. शिवप्रसादला वाचून दाखवलंस ना, मंग झालं.’

आणि तरीही, बाई, वाद संपलेला नाही. तुम्ही शेवटपर्यंत म्हणत होतात की खेळ वाईट नाही, नीट वापरला तर माणसाच्या उपयोगी पडेल; शिवप्रसादचे डोळे त्यानेच तर पकडले. मान्य. हे मी तुम्ही असताना म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही, आज छापून म्हणते. पण डोळे खेळाने पकडले नाहीत. एका बाईने पकडले, जिला त्याला कामावरून काढायचं नव्हतं. तोच खेळ, तेच आकडे साहेबांच्या हातात होते, त्यांना नऊ नावांपलीकडे काही दिसलं नाही. ज्याच्या हातात माप आहे त्याच्याच हातात माणसाची नोकरी आहे, तोवर मी त्याला शास्त्र म्हणणार नाही. तुम्ही लाल पेन्सिल घेऊन बसलात तरी म्हणणार नाही.

आता या पट्ट्यातल्या ज्या कारखान्यात हा चेंडू जाईल तिथे मी जाणार आहे, आणि आमची मागणी एकच असेल: माप घेणाऱ्याने आधी मापाखाली बसावं. पत्रकात ती सगळ्यांत वर आहे, मोठ्या अक्षरात. तुम्ही ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली होतीत, अगदी तळाशी, पेन्सिलीने, कोणाला दिसू नये अशी. बाई, असली वाक्यं पहिल्या पानावर लिहायची असतात. तुमच्याकडून मी पुष्कळ शिकले. एवढं एक तुम्ही माझ्याकडून शिकायला हवं होतं.